घरच्या लोहारकामात आम्ल : मिळविण्याचा मार्ग व वापरण्याचा विवेक



धार येथील लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहावयास मिळतात. लोखंड घडविण्याची विद्या ह्या प्रदेशात किती जुनी आहे, याची ते साक्ष देतात. ह्याच धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. अशा वसाहतीत हात बसलेला कारागीर पुढे घरच्या पडवीतही बिजागऱ्या, जाळ्या, विळे, कुदळी बनवू लागतो. ही गोष्ट स्वागतार्हच आहे.

मात्र त्याला एक अडचण हमखास येते. लोखंड तापवून ठोकले की त्यावर काळी खपली धरते. तापलेल्या लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती बनते. ती तशीच राहिली तर रंग टिकत नाही, जोड नीट बसत नाही आणि कानस लवकर बोथट होते. कारखान्यात असे पोलाद हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवून स्वच्छ करतात. साहजिकच कारागीरही तेच आम्ल शोधू लागतो. ओळखीने शीतपेयाच्या बाटलीत भरून आणतो किंवा जुन्या बॅटरीतून ओतून घेतो. दोन्ही मार्ग घातक आहेत. बाटली मुलाच्या तोंडी लागू शकते आणि बॅटरीतील आम्लात विषारी शिसे मिसळलेले असते.

तीव्र आम्लाच्या विक्रीवर कायद्याचे नियंत्रण आहे. आम्लहल्ल्यांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी स्पष्ट निर्देश दिले. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता व आम्लाचे प्रमाण नोंदवहीत लिहावे, छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण विचारावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकू नये. साठा जाहीर न केल्यास तो जप्त होऊन ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनीही आम्लाच्या वापराची नोंद ठेवावयाची असून, त्याच्या सुरक्षिततेसाठी एक व्यक्ती जबाबदार असावयाची आहे. शिक्षकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

परंतु लहान कामाला तीव्र आम्लाची गरज बहुधा नसतेच. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळविणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे सत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम विरघळवावे. वस्तू आधी सोड्याने धुऊन तेलकटपणा काढावा आणि प्लॅस्टिकच्या बादलीत त्या पाण्यात बुडवावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालणार नाही. खपली सैल होण्यास काही तास, क्वचित संपूर्ण रात्र लागते. व्हिनेगरनेही हेच काम होते. नंतर वस्तू ब्रशने घासून सोड्याच्या पाण्यात धुवावी, ताबडतोब कोरडी करून तेल लावावे. अन्यथा गंज लगेच चढतो.

तीव्र आम्ल वापरणे अटळच असेल, तर काम उघड्यावर करावे; हातमोजे व चष्मा घालावा. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. ब्लीचिंग पावडरशी आम्लाचा संपर्क आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. लोखंड आम्लात पडले की हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ विस्तव नसावा व झाकण घट्ट लावू नये. पाणी दिलेली कठीण हत्यारे अशा आम्लात ठिसूळ होऊ शकतात. अंगावर आम्ल उडाल्यास किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा.

शेवटी उरलेल्या पाण्याचा प्रश्न. ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. फेस येणे थांबेपर्यंत त्यात सोडा घालावा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला आणला गेला, तेव्हा तेथील रहिवाशांनी आपल्या पाण्याची व हवेची काळजी उघडपणे बोलून दाखविली. चाळीस वर्षांनीही कचरा कोणाच्या तरी दारी येतोच. ही काळजी मोठ्या कारखान्यापुरती नसावी. पडवीतल्या एका बादलीलाही ती लागू आहे.