छोटी लाइन आणि बाळाचं वजन

अध्यक्षमहाराज, डॉक्टरमंडळी, अंगणवाडीच्या आणि आशा ताई, लामत्यातल्या या परिषदेत आपलं स्वागत. स्टेशनाचं कौतुक केल्याशिवाय इथे कुणी पुढे बोलत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला छोटी लाइन नेली. रुळांतलं अंतर अवघं २ फूट ६ इंच. मोठ्या लाइनीला सरावलेले पाहुणे तिच्या वेगाला हसत. पण ती सातपुड्यातल्या वळणांसाठी आणि चढांसाठीच घातली होती, आणि शंभराहून अधिक वर्षं तिने हा मुलूख वाहिला. आता मोठी लाइन आली, तरी आमचा अभिमान जुन्याच मापाचा आहे.

परिषदेशी याचा संबंध एवढाच, की माप कुणाचं यावर निकाल ठरतो. १९७७ चा अमेरिकी वाढतक्ता बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या बाळांवर बेतलेला होता. अंगावर पिणारं धडधाकट मूल त्यावर तिसऱ्या महिन्यानंतर मागे पडलेलं दिसे. मग ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचं दूध सुरू. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत बाळ दिवसाला सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. कॅलिफोर्नियात कॅथरिन ड्यूई यांनी पाजण्याआधी-नंतर वजनं घेऊन दाखवलं, की ही बाळं स्वतःच थांबतात. दूध शिल्लक असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या मुलांवरून २००६ मध्ये नवं प्रमाण दिलं. कुणी म्हणेल, दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतलं माप आमच्या बैगा वस्तीला कसं लावायचं? पण सहाही देशांत मुलांची लांबी जवळपास सारखीच भरली. उणं असेल तर ते परिस्थितीत. दुसरा आक्षेप, की नव्या मापामुळे खरं कुपोषण झाकलं जाईल. उलट पहिल्या काही महिन्यांत नवी रेषा जास्त चढी आहे, त्यामुळे खरोखर मागे पडलेलं मूल लवकर सापडतं. तिथे मात्र पाजण्याची पद्धत लगेच पाहायलाच हवी. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी देशव्यापी संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात, म्हणजे आपल्या शेजारीच उभी राहिली, हेही अभिमानाने सांगतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याची क्षमा असावी. मांडव तोकडा, पंखे कमी, वीज लहरी. तांदूळ गिरणीवाल्यांनी धान्य, दुकानदारांनी गाद्या, बचतगटांनी भाकऱ्या आणि तरुणांनी रात्री दिल्या, सर्वांचे आभार. जेवणात बालाघाटचा चिन्नोर भात आहे. पंगती दोन होतील. लेकुरवाळ्यांना पहिल्या पंगतीत बसू द्यावं, आणि पाजण्यासाठी मांडवामागची खोली मोकळी ठेवली आहे.