हुरडा मोठा की पोपटी?



थंडी पडली आहे. रानात ज्वारीचे कणीस भरत आले आहे. म्हणून आज आम्ही हुरड्याची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हुरड्याचं आम्हाला काय सांगता? आमचा जन्म आगटीपाशी गेला." खरे आहे. हुरडा कसा भाजावा हे आम्ही तुम्हाला शिकवणार नाही. हुरड्यापायी आमची एकदा मान खाली गेली, तेवढेच सांगणार आहोत.

आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. संत जनाबाईंचा हा मुलूख. गावात जुने भजनी मंडळ आहे. शाळेतून निवृत्त झालो आणि आम्हीही टाळ हातात घेतला. दर कार्तिकात आमचे मंडळ आळंदीला जाते. तिथे धर्मशाळेत रायगड जिल्ह्यातल्या अलिबागकडच्या वारकऱ्यांशी आमची गाठ पडली. एका ओसरीवर झोपलो, एका पंगतीला जेवलो. ओळखीची मैत्री झाली.

रात्री भजन आटोपले की गप्पा रंगत. आम्ही म्हणायचो, "हुरडा खावा तर आमच्या परभणीचा." मग सोलापूरकडचे एक माउली उठून बसत. ते म्हणत, "ज्वारी आमच्या मंगळवेढ्याची. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं." भौगोलिक मानांकन म्हणजे काय? त्या मालाशी त्या गावाचे नाव कायद्याने जोडले जाते. दुसऱ्या ठिकाणच्या मालाला ते नाव लावता येत नाही. आम्ही तरी कसे हार जाणार? आम्ही म्हणायचो, "परभणीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी वाण काढलं आहे. त्याचं नाव परभणी वसंत!"

अलिबागचे बुवा हसत. म्हणत, "माउली, तुम्ही पोपटी खाल्ली नाही. म्हणून हुरड्याचं कौतुक सांगता."

असे वाद साऱ्या जगात चालतात. अमेरिकेत विस्तवाच्या धगीवर आणि धुरावर तासन्‌तास मांस भाजतात. त्याला तिकडे बार्बेक्यू म्हणतात. टेक्सासचे लोक गाईबैलाचे मांस भाजतात. उत्तर कॅरोलिनाचे लोक डुकराचे भाजतात. त्या एकाच राज्यात पूर्वेचे लोक नुसत्या शिरक्याची आंबट चटणी लावतात, पश्चिमेचे लोक त्यात टोमॅटो घालतात. यावरून ते हिरिरीने भांडतात. पण चर्चच्या आवारात भट्टी पेटली की सगळे एकत्र बसून जेवतात. आपण वारकरी मांस खात नाही. पण भांडण आणि जेवण, दोन्हींची रीत तीच.

शेवटी आम्ही बुवांना म्हणालो, "पौषात आमच्याकडे या. येताना मडकं घेऊन या. निकाल लावून टाकू."

आणि ते खरेच आले. सहा असामी रेल्वेने परभणीला उतरले. बरोबर मडके, वालाच्या शेंगांची पिशवी आणि ओल्या फडक्यात बांधलेला भांबुर्ड्याचा पाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे मंडळातल्या एकाच्या शेतात जमलो.

आगटी आधीच धरली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. त्यात कोवळी कणसे खुपसलेली. कणीस भाजले की गरम असतानाच दोन्ही तळहातांत चोळायचे. हिरवे, लुसलुशीत दाणे खाली पडतात. फुंकर मारून फोलकट उडवायचे. दाणे चिकात असले तर पचपचीत लागतात, निबर झाले तर चिवट लागतात. मधले चार-आठ दिवस खरे हुरड्याचे. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ आणि बोरे होती.

मग पाहुण्यांनी पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद केले. पाण्याचा थेंब घातला नाही. मडके पालथे घातले आणि भोवती गोवऱ्या व काटक्या रचून जाळ केला. अर्ध्या तासाने बुवांनी मडक्यावर पाणी शिंपडले. चर्रकन आवाज होऊन पाणी उडून गेले. बुवा म्हणाले, "झाली!" पाल्याच्या वाफेवर शेंगा मऊ शिजल्या होत्या. वास असा सुटला की सोलापूरची गोष्ट आम्ही विसरलो.

खाणे झाले आणि वाद पेटला. पाहुणे हुरड्याची तारीफ करीत, पण पोपटीची बाजू सोडीत नव्हते. आमचा पखवाजवाला पोपटीच्या तिसऱ्या वाढपाला हात घालीत म्हणत होता, "तरी पण हुरडाच!" आम्ही म्हणालो, "आपण सारे पक्षाचे. निकाल तिऱ्हाइताने द्यावा."

समोर शेतातला सालगडी आगटी सारखी करीत होता. आम्ही त्याला हाक मारली. "दादा, तू खरं सांग. हुरडा चांगला की पोपटी?"

तो उभा राहिला. हात पुसले. म्हणाला, "गुर्जी, म्या आजून दोन्हीतलं काईच खाल्लं न्हाई. कसं सांगू?"

मंडळी, सगळे गप्प झाले.

पहाटे खड्डा त्याने खणला होता. गोवऱ्या त्याने रचल्या होत्या. त्याच्या बायकोने कणसे खुडून आणली होती. कणसे चोळून दाणे त्यानेच आमच्या पुढे ठेवले होते. आम्ही मात्र पाहुण्यांची सरबराई आम्हीच केली म्हणून फुगून बसलो होतो. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. शाळेत आम्ही तीस वर्षे मुलांना समतेचा धडा दिला. आणि सकाळपासून एक माणूस आमच्यासाठी धुरात बसला होता, तो आम्हाला दिसला नाही.

अलिबागचे बुवा उठले. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या जागी घोंगडीवर बसवले. त्याच्या बायकोला आणि मुलालाही बोलावले. मग ते आम्हाला म्हणाले, "गुरुजी, आता आपण भाजू."

आम्ही आगटीतून कणीस काढले आणि चोळू लागलो. तळहाताला चटका बसला. दुसऱ्या कणसाला आणखी बसला. सकाळपासून हे चटके कोण सोसत होते, ते तेव्हा कळले.

त्याने हुरडा खाल्ला, पोपटी खाल्ली. पखवाजवाल्याला काही राहवेना. त्याने विचारलेच, "आता सांग. कोणतं चांगलं?" तो जरा विचार करून म्हणाला, "पोपटी झ्याक हाय. पर मीठ जास्ती पडलंया." सगळ्यांत मोठ्याने बुवाच हसले.

हल्ली शहराजवळ पैसे घेऊन हुरडा पार्ट्या होतात. त्यात वाईट नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण तिथे येतो तो गिऱ्हाईक. आपल्या रानात येतो तो पाहुणा. आणि आगटी धरणारा हाही आपल्या पंगतीतलाच माणूस. त्याला वगळून केलेला पाहुणचार अपुरा असतो. आमच्या मंडळाने आता नियम केला आहे. आगटीतला पहिला पसा आगटी धरणाऱ्याच्या हातावर पडतो. मग बाकीच्यांनी खायचे.

पुढे महिन्याभराने अलिबागहून पत्र आले. सर्वांना दंडवत लिहिला होता. शेवटी एक ओळ होती. "आगटीवाल्या दादांचे नाव विचारायचे राहून गेले. ते कळवावे. पुढच्या वर्षी पोपटीला त्यांना घेऊन यावे. मीठ बेताचे घालू."

आम्ही ते पत्र शेतात जाऊन त्याला वाचून दाखवले. उत्तर तिथेच बसून लिहिले. त्यात सर्वांत वर त्याचे नाव लिहिले.

मंडळी, तुमची आगटी पेटेल तेव्हा एवढे आठवा. रामराम.