दुधाचा हिशेब ताडून पाहा



आपण डेअरीत रोज दूध घालतो. दहा दिवसांनी बिल येते. ते बरोबर आहे का, हे आपण पाहतो का?

गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ पाहून ठरतो. दर बदलतो, पण यंत्रात कधी जुनाच दर राहून जातो. लिटरमागे २ रुपये कमी लागले, तर १० लिटरला रोज २० रुपये गेले. दहा दिवसांत २०० रुपये!

मग काय करावे? रोजची पावती जपून ठेवावी. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर, हे चारही आकडे वहीत उतरवावेत. दरपत्रकाशी ताडून पाहावेत. बेरीज बिलाशी जुळवावी.

फरक निघाला तर भांडू नये. वही घेऊन सचिवाकडे जावे. महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आहे. त्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे सभासदाला संस्थेच्या दप्तरातला आपला हिशेब फुकट पाहता येतो. चूक दाखवावी आणि राहिलेले पैसे मागून घ्यावेत.

शेजाऱ्याची पावतीही पाहावी. यंत्रातला दर चुकला, तर साऱ्या गावाचे पैसे बुडतात.

आपण अक्षर शिकलो, आकडा शिकलो. आता आपल्या घामाचा पैसा आपणच मोजू या.