तीन सिलिंडरवर चालणारी गाडी

आज कोडिंग नाही, गाडी.

भाऊबीज होती. सिद्धेश्वरहून औंढ्याला मामाकडे निघालो होतो. मी, आई आणि आमची जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. धरण मागे पडलं आणि गाडी थरथरायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला तर नुसता आवाज, पिकअप काहीच नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

आई म्हणाली, "चालतीय ना? मग घे की हळूहळू. मामा उपाशी बसला असंल."

खरं सांगू? मीही तेच करणार होतो. पण हा दिवा नुसता लागून राहिला तर लवकर दाखवून घ्यायचं असतं. लुकलुकला तर थांबायचं असतं. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं आणि बऱ्याचदा इंजेक्टर तिथे पेट्रोल टाकतच राहतो. म्हणजे चारपैकी एक सर्व्हर बंद आहे आणि लोड बॅलन्सर त्याला रिक्वेस्ट पाठवतोच आहे. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर इतका तापतो की आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. म्हणूनच गाडी वाळल्या गवतावर उभी करायची नाही. मी मोकळा मुरूम बघून थांबवली.

आई काही बोलली नाही. ते जास्त वाईट.

मामाला फोन लावला. तो बाईकवर ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला. माझ्याकडे मोबाईलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर होता. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. मेकॅनिकने इंजिन बंद करून तिसऱ्याची इग्निशन कॉईल दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून थोडा वेळ इंजिन चालवलं. आता पी०३०२! दोष कॉईलसोबत सरकला, म्हणजे कॉईलच गेलेली. सरकला नसता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं. कॉम्प्रेशन गेलं तर खरा खर्च.

प्लग काढल्यावर मात्र मी गप्प. पार झिजलेले. झिजलेल्या प्लगमधली फट वाढते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, ताण कॉईलवर येतो. बदलायचे म्हणून दोन सर्व्हिसिंग मीच पुढे ढकललं होतं.

गाडी टोचन करून औंढ्याला नेली. ओवाळणी दिवेलागणीला झाली. कॉईल आणि चारही प्लग दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून आणले. पैसे मी दिले, आईने हिशेब विचारला.