विज्ञान आपल्या दाराशी आहे



विज्ञान-संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरदेशीची प्रयोगशाळा उभी राहते. ती मोठ्या लोकांची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे आपण मनाशी म्हणतो. पण आपल्या कळमन्याच्या बाजारातच पाहा. अंबिया आणि मृग बहाराची संत्री येथे ढिगांनी येतात. त्या झाडांना डिंक्या रोग का लागतो, रोगमुक्त कलमे कशी करावीत, यावर १९८५ साली सुरू झालेली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच नागपुरात काम करते. पाणी, सांडपाणी आणि हवा यांचा अभ्यास करणारी नीरी ही संस्था १९५८ पासून येथे आहे. कापसाच्या संशोधनाची केंद्रीय संस्थाही येथेच आहे. पालकहो, यांपैकी एकीची तरी पाटी आपण आपल्या मुलाला दाखवली आहे काय?

आता धोरणाकडे वळू. १९५८ साली लोकसभेपुढे वैज्ञानिक धोरणाचा ठराव मांडला गेला. १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे घटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. शब्द थोर आहेत. खर्च मात्र तोकडा आहे. २०२०-२१ साली देशाच्या एकूण उत्पादनापैकी शंभर रुपयांमागे अवघे ६४ पैसे संशोधनावर खर्च झाले. चीन दोन रुपयांहून अधिक आणि दक्षिण कोरिया चार रुपयांहून अधिक खर्च करतो. २०२३ साली संशोधनासाठी नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पण त्याच्या निधीचा मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे.

याची झळ आपल्या घरापर्यंत येते. अल्पसंख्याक समाजातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद यांच्या नावाची फेलोशिप होती. इतर योजनांशी ती जुळते, असे कारण देऊन सरकारने २०२२-२३ पासून ती बंद केली. ज्याच्या घरी दोन वेळची चिंता आहे, त्याने पाच वर्षे संशोधन कशाच्या बळावर करावे? हा प्रश्न आपण सनदशीर मार्गाने विचारीत राहिले पाहिजे. परंतु उत्तराची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही.

आठवीत असलेल्या मुलांनी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस अवश्य बसावे. शासकीय, अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आणि मुलगी दहावीत विज्ञानात चांगले गुण मिळवीत असेल, तर कृपा करून तिचे शिक्षण तेथेच थांबवू नका. तिची बुद्धी ही साऱ्या समाजाची पुंजी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. प्रयोगवहीतील आकृती शेजाऱ्याची पाहून उतरविणे म्हणजे विज्ञान नव्हे. वीस सारखी संत्री घ्या. दहा बंद पिशवीत ठेवा, दहा उघड्या टोपलीत. दोन्ही एकाच खोलीत ठेवा. रोज किती नासली ते मोजून तारखेसह लिहा. फरक दिसला तर पुन्हा करून पाहा. एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायचे, आणि आपल्या समजुतीविरुद्ध निष्कर्ष निघाला तरी तो खोडायचा नाही. संशोधनाची सुरुवात इथूनच होते. शाळेची प्रयोगशाळा कुलूपबंद राहत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे आम्हा शिक्षकांकडे किल्ली मागा.

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी हेच केले. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून दिसते, हा जुना समज त्यांनी तपासला आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो हे दाखविले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावेही. पण पूर्वजांच्या नावावर आजच्या परीक्षेत गुण मिळत नाहीत. त्यांचा वारसा सांगायचा तर त्यांची पद्धत उचलली पाहिजे.

आपल्या धर्माची पहिली आज्ञाच वाचण्याची आहे. पुस्तक वाचा, तसेच सृष्टीही वाचा. या मुलांपैकी एखादा किंवा एखादी उद्या नीरीच्या फाटकातून संशोधक म्हणून आत जावी, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज!