दंतमुळाशी वाढणारी गाठ आणि संयमी उपचार
(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



किडीने अथवा आघाताने दाताचा गाभा मृत झाला की जंतूंचा दाह मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतो. दात घडताना मागे राहिलेल्या काही पेशी तेथे सुप्त असतात. दाहाने त्या वाढू लागतात आणि कालांतराने द्रवाने भरलेली पिशवी तयार होते. हीच सिस्ट. ती बहुधा वेदनेवाचून वाढते, भोवतालचे हाड झिजवते आणि पुष्कळदा एक्स-रेमध्येच प्रथम दिसते.

ती मोठी काळी छाया पाहून रुग्ण भयभीत होतो. दात काढावा, गाठ समूळ खरवडावी, असेच त्यास वाटते. परंतु मोठ्या गाठीलगत शेजारच्या निरोगी दातांची मुळे असतात. वरच्या जबड्यात सायनसची पोकळी, तर खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते. एकदम सारे खरवडताना त्यांना इजा होण्याचा संभव असतो.

म्हणून प्रथम रूट कॅनॉलद्वारे मूळ कारणच दूर केले जाते. नलिका निर्जंतुक करून तीत काही काळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. गाठ फारच मोठी असल्यास लहान छिद्रातून बारीक नळी बसवून द्रवाला वाट करून देतात. आतील दाब उतरला की कडेकडेने नवे हाड भरू लागते. दाब उतरविण्याचे हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये मांडले.

अर्थात प्रत्येक गाठ अशा उपचाराने बरी होत नाही. केवळ एक्स-रेवरून निदान पक्के होत नाही. दात जिवंत असल्यास रोग निराळा असू शकतो. शंका असल्यास ऊतीचा तुकडा तपासावाच लागतो. गाठ भरून न आल्यास शस्त्रक्रिया अटळ ठरते. मात्र आकार घटलेला असल्याने तीही सौम्य होते.

खरा धोका पुढेच आहे. वेदना काही दिवसांत शमते. हाड भरण्यास अनेक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. दुखणे थांबताच रुग्ण येईनासा होतो आणि उरलेला रोग निमूटपणे वाढत राहतो. जैन आचारात संयमाबरोबरच अप्रमादाला, म्हणजे अखंड सावधानतेला, मोठे स्थान आहे. शस्त्र आवरणे हा वैद्याचा संयम. वेदना नसतानाही तपासणीची तारीख पाळणे हा रुग्णाचा अप्रमाद. दोन्ही एकत्र आले तरच दात वाचतो.

जय जिनेंद्र!