अंथरूण ओले का होते?

‘विस्तवाशी खेळू नकोस, रात्री अंथरूण ओलं करशील,’ असे म्हातारी माणसे मुलांना बजावतात. विस्तवापासून पोर लांब राहते, तेवढे ठीकच. पण सात वर्षांच्या मुलाचे अंथरूण खरोखरच ओले होऊ लागले, की आपण त्याला आळशी म्हणतो, भावंडांदेखत हसतो, चार धपाटेही घालतो. मूल मात्र हे मुद्दाम करीत नसते.

रात्री मेंदूतून एक द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांना लघवी कमी करायला लावते. काही मुलांत ते रात्री पुरेसे नसते. काहींचे मूत्राशय थोड्याशा लघवीनेच आवळते. आणि ते भरले तरी झोपलेल्या मुलाला जाग येत नाही. पुष्कळदा हे आनुवंशिक असते. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असला, तर शंभरांत चाळीसच्या वर मुलांत तो दिसतो. दोघांनाही असला, तर सुमारे 75 मुलांत. तेव्हा हात उगारण्यापूर्वी बापाने आपल्या आईला जरा विचारून पाहावे!

पाच वर्षांपर्यंत हा आजार मानीतच नाहीत. पाचव्या वर्षी शंभरांत सुमारे 15 मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी सुमारे 5 मुलांना. कोठा साफ नसला तरी मूत्राशयावर दाब येतो.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, तर घरात काय बदलले ते पाहा. पाळणा हलला असेल, शाळा बदलली असेल, किंवा नारळी पौर्णिमेनंतर बाप होडीवर गेला असेल. मात्र फार तहान लागणे, वजन घटणे, लघवीला जळजळ, यांपैकी काही दिसले तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

गुरुजनहो, एक काम तुमचे आहे. वर्गात लघवी दाबून, पाणी न पिता बसलेले मूल संध्याकाळी घरी तांब्याभर पाणी पिते. त्याला दिवसा पाणी पिऊ द्या, बाहेर जाऊ द्या. मुक्कामाच्या सहलीला एखादा मुलगा उगाच ‘पोट दुखतं’ म्हणून नाही म्हणतो. त्याला एकटे गाठून धीर द्या.

घरी संध्याकाळनंतर चहा नको, पाणी बेताचे द्यावे. परसात अंधार असेल तर निजण्यापूर्वी मुलाबरोबर कंदील घेऊन जावे. ओल लागताच वाजणारी घंटा अमेरिकेत मावरर दांपत्याने 1938 साली वापरून दाखवली. ती आजही गुण देते. औषधेही आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी.

आणि सकाळी गोधडी वाळत घालताना शेजारणीला ऐकू जाईल असे काही बोलू नये.